कासवांच्या सभेची डिस्क

“या शहरात दोन प्रकारचे डोळे आहेत,” भावोजी म्हणाले. “एक, ज्यांना चष्मा लागतो ते. आणि दुसरे, माझे.”

एवढं बोलून त्यांनी एक भुवई वर चढवली. दुसरीही चढवायची होती, पण ती आयत्या वेळी अडकली.

“मी बघत नाही बाई, मी वाचतो. माणूस दारात आला की तो काय लपवून आलाय ते मला आधी दिसतं, माणूस मागाहून. पोलीस मला का बोलवत नाहीत, ठाऊक आहे? संकोच वाटतो त्यांना. आता तुमचंच घ्या. तुम्ही बऱ्याच लांबून चालत आलात. तुमच्या घरी मांजर आहे. आणि आज तुमचं मुलाशी भांडण झालंय.”

“मी समोरच राहते,” समोरच्या बाई म्हणाल्या. “मांजर नाही. आणि मला मुलगा नाही, मुलगी आहे.”

“पण भांडण झालंय.”

“हो, ते झालंय.”

“बघितलंस?” भावोजी मागे वळून मेव्हण्याला म्हणाले.

मेव्हण्याने मान हलवली. दुकानाच्या मागच्या बाजूला काचा घासायच्या चाकावर बसून तो वर्षानुवर्षं मान हलवत आला होता. दुकान भावोजींचं, काचा घासायचं काम मेव्हण्याचं आणि दोघांना जेवायला हाका मारून घसा बसवायचं काम त्याच्या ताईचं, अशी वाटणी होती. पाटीवर ‘नजर तपासून मिळेल’ असं होतं. भावोजींनी त्याखाली ‘संशयही’ असं रंगवून घेतलं होतं. मेव्हण्याला वयाने आणि नाकाने एकदमच चाळिशी लागली होती. भावोजींना ती त्याच्या कितीतरी आधी लागायला हवी होती. पण चष्मा लावणाऱ्या गुप्तहेरावर आणि टक्कल पडलेल्या न्हाव्यावर गिऱ्हाईक भरवसा ठेवत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे रस्त्यापलीकडचं जग त्यांना साधारण रंगांच्या रूपातच दिसायचं. समोर राहणारी बाई लांबून आलेली वाटते ती अशी.

या बाईंना सगळी गल्ली भूगोलबाई म्हणायची. शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. पण नकाशावरची एखादी नदी कुणी चुकीच्या समुद्राला नेऊन सोडली, तर त्यांचा हात अजून पट्टी शोधायचा.

“माझी डिस्क चोरीला गेलीय,” त्या म्हणाल्या. “त्यात कासवांची सभा आहे.”

भावोजींनी डोळे बारीक केले. “किती कासवं होती?”

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग मेव्हण्याकडे वळल्या. “यांनी ‘सात डोहांची गाथा’ वाचलेली नाही?”

“नाही,” मेव्हणा म्हणाला. “मीही नाही.”

बाई स्टुलावर बसल्या. डिस्क गेल्याच्या दुःखावर हे दुसरं दुःख आलं होतं.

तर ‘सात डोहांची गाथा’ म्हणजे जाडजूड तीन खंडांची कादंबरी. जगातला शेवटचा जिवंत निखारा एक नावाडीण सात डोहांपार नेते, आणि धूरराजा तिच्या मागावर असतो. अर्धी गल्ली या पुस्तकावर वाढलेली. भूगोलबाई आणि कोपऱ्यावरचे शिंपी, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, या दोघांनी मिळून तिचं वाचक मंडळ काढलं होतं. बाई शिकवणाऱ्या आणि मास्तर शिवणारे, पण डोहांच्या बाबतीत दोघांचं एकमत. त्याच मंडळात बाईंची लेक आणि मास्तरांचा मुलगा एकाच खंडावर डोकी टेकवून बसायला लागली, आणि यथावकाश बाई आणि मास्तर एकमेकांचे विहीण-व्याही झाले. सगळं छान चाललं होतं.

मग सिनेमा आला. आधी थिएटरात आला, तो आटोपशीर होता. सगळ्यांना आवडला. मग त्याचीच लांब आवृत्ती निघाली, कापलेलं सगळं परत जोडून. आणि मंडळ मधोमध फाटलं.

एका बाजूला लांबवाले, त्यांच्या म्होरक्या भूगोलबाई. दुसऱ्या बाजूला आखूडवाले, त्यांचे म्होरके अर्थातच मास्तर. शिंप्याच्या हातात कात्री असते, तो कापण्याच्याच बाजूने बोलणार, असं बाई म्हणत. आणि ज्यांना नकाशातला ओढादेखील सोडवत नाही त्यांनी सिनेमे बघूच नयेत, असं मास्तर.

भांडणाची मुख्य जागा म्हणजे कासवांची सभा. पुस्तकात हे आख्खं प्रकरण आहे. थिएटरातल्या सिनेमात ते नव्हतंच. लांब आवृत्तीत ते सगळं आहे, आणि कासवं त्यात कासवांच्याच गतीने बोलतात.

“ती कासवं बोलायला तोंड उघडतात, तोवर माझी एक विजार शिवून होते,” मास्तर म्हणाले होते.

“सभा नसेल तर नावाडीण पाचव्या डोहाकडे वळतेच कशाला?” बाईंनी उत्तर दिलं होतं. “तुमच्या आखूड सिनेमात ती नुसती वळते. का? तर म्हणे वारा सुटला! वाऱ्याने वळायला ती काय पतंग आहे?”

त्यानंतर दोघं एकमेकांशी थेट बोलेनासे झाले. “सांगा त्यांना” या दोन शब्दांवर दोन घरांचा कारभार चालू झाला. नेमकं सांगायचं कुणी, तर लेकीने. ती बिचारी माहेर आणि सासर यांच्यामध्ये टपालासारखी फिरून दमली होती.

“येत्या सोमवारी लेक-जावई नोकरीसाठी परगावी निघालेत,” बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. “लेकीने शपथ घातली. जायच्या आधी रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून लांब आवृत्ती एकदा अथपासून इतिपर्यंत बघायची, आणि मग भांडण कायमचं मिटवायचं. मास्तर हो म्हणाले. मीही म्हटलं. आणि काल लेकीने पेटी उघडली तर तीनपैकी मधलीच डिस्क नाही. कासवांची. पेटी कुणाच्या घरी असते? मास्तरांच्या. लेकीने सासरी नेलीय ना! आता ती रविवारपर्यंत मिळाली नाही, तर मी त्या घराची पायरी चढणार नाही. निरोप द्यायलासुद्धा नाही.”

डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. मेव्हण्याने तो हळूच घेतला, सैल झालेली काडी आवळून दिली. भावोजी मात्र उभे राहून खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे रंग बघत होते.

“बाई,” ते म्हणाले, “तुमची कासवं या हाताने परत आणीन.”

मास्तरांचं खाली दुकान, वर घर. दिवाणखान्यात काचेचं कपाट, त्यात ती पेटी. बाहेर रस्त्याच्या बाजूला गॅलरी, तिथे दोरीवर विजारी वाळत असायच्या. भावोजींनी कपाटासमोर गुडघे टेकले, भिंग काढलं आणि दीर्घ श्वास घेतला.

“मेव्हण्या, धागा सापडला!”

खरोखरच सापडला होता. निळा. वीतभर.

“भावोजी, हे शिंप्याचं घर आहे,” मेव्हणा म्हणाला.

“म्हणूनच! चोराने विचार केला, इथे धाग्याकडे कोण बघणार. पण मी बघितलं.” आणि मग भावोजींना खुर्चीखाली, गादीवर, पडद्याला, स्वतःच्या कोपराला असे इतके धागेदोरे सापडले, की शेवटी ते सोडवायला मेव्हण्याला मास्तरांची कात्री मागावी लागली.

मास्तर गळ्यात इंची टेप घालूनच चौकशीला बसले.

“डिस्क नाहीशी झाली त्या दिवशी तुम्ही काय करत होतात?”

“काजं.”

“कुणासाठी?”

“बटणांसाठी.”

भावोजींनी मेव्हण्याकडे अर्थपूर्ण नजर टाकली. मेव्हण्याने मान हलवली.

“कासवांची सभा तुम्हाला डोळ्यांसमोर नको आहे, हे खरं ना?”

“सिनेमातली नको आहे,” मास्तर म्हणाले, आणि पुढे आणखी काहीतरी बोलणार होते. पण भावोजींना गुन्हेगाराचा अर्धाच जबाब पुरायचा. उरलेला ते स्वतः तयार करत. मास्तर टेप बोटाला गुंडाळत बसले. त्यांचा चेहरा चोराचा नव्हता, हे मेव्हण्याला कळलं. जिव्हाळ्याची गोष्ट कुणी रस्त्यात मांडून ठेवल्यावर होतो, तसा तो चेहरा होता.

मास्तरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, भावोजींनी एकच प्रश्न विचारला.

“चहा आहे का?”

काकूंनी चहा आणला. त्यांनी गाथेचा एकही खंड वाचला नव्हता आणि दोन्ही आवृत्त्यांमध्ये त्या सारख्याच घोरल्या होत्या. म्हणून दोन्ही पक्षांत त्यांची गणना नव्हती.

भावोजींनी कप तोंडाला लावला आणि त्याच क्षणी समोरच्या भिंतीवरून एक लखलखीत कवडसा सरकत गेला. थरथरला. परत आला. भावोजींच्या डोळ्यात घुसला.

“खुणा!” भावोजी कुजबुजले. चहा विजारीवर सांडला. “कुणीतरी आरशाने खुणा करतंय! मेव्हण्या, समोर काय आहे?”

“दातांचा दवाखाना.”

“आणि दातांच्या डॉक्टरकडे काय असतो?”

“...आरसा.”

“आणि तो मंडळात आहे की नाही?”

डॉक्टर मंडळात होता खरा. तो लांबवाल्यांना म्हणायचा लांब बरा आणि आखूडवाल्यांना म्हणायचा आखूड बरा, कारण दात दोन्ही पक्षांचे किडायचे.

“दोन्हीकडे बोलणारा माणूस!” भावोजी म्हणाले. “शिवाय जे आहे ते मुळासकट काढून घ्यायचं, हा त्याचा धंदाच. आता सगळं जुळतं. मास्तरने डिस्क चोरली, डॉक्टरने लपवली, आणि आता तो आरशाने विचारतोय, पुढे काय करू?”

“हे आरशाने कसं विचारतात?”

“सराव लागतो,” भावोजी म्हणाले.

आठवडा असाच गेला. दर दोन तासांनी भावोजींचा चोर बदलायचा. शुक्रवारी तो जावई होता, कारण तो फार सभ्य वागत होता. शनिवारी सकाळी लेक होती, कारण ती रडत होती. शनिवारी संध्याकाळी मेव्हण्यावरही पाळी आली, कारण तो एवढ्या वर्षांत एकदाही संशयित झालेला नव्हता आणि हे संशयास्पद होतं. दुकान अर्धा वेळ बंद राहिलं. ताई रोज विचारायची, “अहो, कासवं सापडली का?” त्यावर भावोजी म्हणायचे, “जाळं आवळत आणलंय.” मेव्हण्याला कामाच्या वेळी समोरच्या घरात भूगोलबाई दिसायच्या. त्या खिडकीत बसून तिसरा खंड उघडायच्या आणि पान न उलटता मिटायच्या. लेक दारापर्यंत येऊन गेलेली त्याने एकदा पाहिली. दार उघडलं होतं, पण बोलणं उंबरठ्यावरच संपलं.

रविवारी सकाळी भावोजी वेष बदलून, मेव्हण्याला घेऊन दवाखान्यात शिरले. वेष म्हणजे एक मफलर.

“या चष्मेवाले,” डॉक्टर म्हणाला. “मफलर काढा. कुठला दात?”

दुखणारा दात कुठला सांगायचा हे भावोजींनी ठरवलंच नव्हतं. म्हणून त्यांनी बोट आत घालून साधारण दिशा दाखवली. डॉक्टरने आरसा घातला, दिवा फिरवला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

“बरं झालं आलात. हा राहण्यासारखा नाही.”

“आँ?” भावोजी म्हणाले. पण उघड्या तोंडाने उलटतपासणी घेता येत नाही, आणि गुप्तहेराने सोंग सोडायचं नसतं. सुई टोचली गेली. गालाचा ताबा गेला. आणि भावोजींच्या कारकिर्दीतला पहिला पक्का पुरावा चिमट्यातून बाहेर आला.

तेवढ्यात छतावर तोच कवडसा नाचला.

“हे बघा, हे!” डॉक्टर वैतागून म्हणाला. “काही दिवसांपासून चाललंय. समोरच्या गॅलरीतून येतो आणि नेमका माझ्या डोळ्यात. पडदा लावून दात काढायचे म्हणजे काय गंमत आहे?”

मेव्हणा खिडकीशी गेला. समोर मास्तरांची गॅलरी होती, विजारी हलत होत्या, आणि त्यांच्या मागे काहीतरी गोल लखलखत होतं. तो टाचा उंचावून बघणार, इतक्यात भावोजींनी त्याची बाही पकडली. त्यांच्या तोंडात कापसाचा बोळा होता आणि डोळ्यांत तेज.

“मना कननं!” ते म्हणाले. म्हणजे, मला कळलं.

दुपारी मास्तरांच्या दिवाणखान्यात भिंतीवर अस्तराचं पांढरं कापड ताणून लावलं होतं. सिनेमा दाखवायचं यंत्र तयार होतं. नव्हती ती फक्त मधली डिस्क. चोर सापडला, असा भावोजींचा निरोप गेला म्हणून भूगोलबाई आल्या होत्या, पण चपला न काढता दारातच उभ्या होत्या. लेक आणि जावई बांधलेल्या बॅगांशेजारी, आणि मास्तर शिवणयंत्राच्या स्टुलावर. ताईही आली होती. नवऱ्याला वेळेवर घरी न्यावं लागेल, असा तिचा अनुभव होता. काकूंनी तिला गॅलरीत नेलं होतं, कारण आत फार गंभीर वातावरण होतं.

भावोजी खोलीच्या मध्यभागी उभे राहिले.

“नोकहो! चोन या खोनीतच आहे!”

“लोकहो, चोर या खोलीतच आहे,” मेव्हण्याने भाषांतर केलं.

“कवडसा मना फसवायना होता. कानण खना चोन एकच.” भावोजींनी हात फिरवला आणि तो दाराकडे थांबवला. “बाईंनीच नपवनी!”

मेव्हणा थबकला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, की आपण मान हलवू नये.

“काय म्हणाले ते?” बाईंनी विचारलं.

“तुम्हाला... नमस्कार म्हणाले.”

“नाही! नपवनी! नपवनी! स्वतःच! म्हणजे मास्तनांवन आळ!”

“बाईंनी लपवली?” जावई म्हणाला. त्याला दुर्दैवाने सगळं समजलं होतं.

भूगोलबाईंची मान ताठ झाली. “मी?” त्या म्हणाल्या. “माझ्या कासवांना मी लपवीन?” त्यांचा आवाज फुटला. त्या वळल्या. लेक “आई!” म्हणून उठली. आणि आश्चर्य म्हणजे मास्तरही उठले.

“अहो चष्मेवाले, तोंड सांभाळा,” ते म्हणाले. “बाई हट्टी आहेत, लांबण लावतात, पण असलं काही करायच्या नाहीत. सांगा त्यांना...” आणि ते अडखळले, कारण ते बाईंकडेच बघत होते. सांगायला मध्ये कुणी नव्हतं.

तेवढ्यात गॅलरीतून ताईचा आवाज स्वच्छ आत आला.

“काकू, याने खरंच कबुतरं येत नाहीत का हो? आमच्याकडे तर उच्छाद मांडलाय मेल्यांनी.”

“एकही येत नाही,” काकूंचा आवाज. “चकाकतं ना. वाऱ्याने फिरतं आणि घाबरतात. फक्त मधल्या भोकातून सुतळी ओवायची.”

मेव्हणा सर्वांत आधी गॅलरीत पोचला. विजारींच्या मागे, गजाला बांधलेल्या सुतळीवर, डिस्क गिरक्या घेत होती.

सगळे दाटीवाटीने गॅलरीत आले. काकूंना इतकी माणसं आपली कबुतरांची युक्ती बघायला आलेली पाहून बरं वाटलं.

“अगं, ही डिस्क!” मास्तर म्हणाले. “आठवडाभर सगळे हीच शोधतायत!”

“हीच?” काकू म्हणाल्या. “तुम्ही तर सगळे म्हणत होतात, कासवांची सभा गेली. मला वाटलं, सभा रद्द झाली.”

“पण तू पेटीतून काढलीस कशाला?”

“कपाट पुसताना पेटी उघडली. म्हटलं तीन आहेत, त्यातली एक घ्यावी. आणि हिच्यावर लिहिलंयच की.” त्यांनी सुतळी धरून डिस्क थांबवली आणि बोटाने दाखवलं. चांदीच्या अंगावर काळ्या शाईत ठसठशीत अक्षर होतं: जादा.

“जादा म्हणजे उरलेली. आता उरलेल्याचं काय करायचं माणसाने?”

सगळ्यांनी ते अक्षर पाहिलं. फळ्यावर आयुष्य गेलेलं, टपोरं, जराही न चुकणारं अक्षर. गल्लीतले निम्मे लोक त्याच अक्षरात नद्या शिकले होते.

“तिन्ही डिस्का सारख्या दिसत होत्या,” भूगोलबाई पुटपुटल्या. “म्हणून मीच लिहिलं. सुरुवात, जादा, शेवट. म्हणजे जादा प्रसंग यात आहेत, एवढंच... मला तसं...”

मास्तरांना हसू फुटलं. त्यांनी ते दाबलं, टेप तोंडाशी धरली, पण खांदे हलायला लागले. “इतकी वर्षं आम्ही ओरडतोय,” ते म्हणाले, “की हे सगळं जादा आहे. आणि तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंत!”

बाईंनी त्यांच्याकडे रागाने बघायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. लेकीला तर हसता हसता गॅलरीच्या गजाला धरावं लागलं. आणि कुठून तरी सुरू झालेलं ते हसू भूगोलबाईंपर्यंत पोचलं तेव्हा त्यांनी चपला काढल्या.

“काकू, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?” भावोजींनी विचारायचं ते मेव्हण्यानेच विचारलं.

“मला कुणी विचारलं?” काकू म्हणाल्या. “मला फक्त चहा विचारला.”

“मी म्हनानोच होतो,” भावोजी म्हणाले. “कवडसा.”

ऊन आणि वारा खाऊन डिस्कवर चरे पडले होते. मेव्हणा धावत दुकानात गेला, काचा घासायची बारीक पूड आणि मऊ फडकं घेऊन आला, आणि जमिनीवर मांडी घालून तिला लहान मुलाच्या गालासारखं पुसू लागला. सगळे त्याच्याभोवती उभे राहून श्वास रोखून बघत होते. मग पडदे ओढले. सुरुवात सुरू झाली आणि संपली. मेव्हण्याने जादा आत सरकवली.

चालली. डोह आला. धुकं आलं. कासवं एकेक करून काठावर आली, इतक्या संथपणे की काकूंनी तिथेच डोळे मिटले. सर्वांत थोरल्या कासवाने मान बाहेर काढली. तोंड उघडलं.

आणि तिथेच अडकलं.

मेव्हण्याने पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. कासवाने पुन्हा तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. भावोजींनी सकाळी दवाखान्यातल्या खुर्चीवर ठेवलं होतं, अगदी तसं.

“संपलं,” लेक हळू आवाजात म्हणाली. “नशिबातच नाही.”

“पळू नकोस,” कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. मास्तर स्टुलावर बसले होते. त्यांची नजर पडद्यावरच्या कासवाकडे होती, आणि त्यांचा आवाज इतका हळू होता की यंत्राची घरघर जास्त ऐकू येत होती. जावयाने यंत्र बंद केलं.

“पळू नकोस, असं म्हणतं ते थोरलं कासव. निखारा जपायचा असेल तर पळायचं नाही. पळणाऱ्याला वारा लागतो. आणि वारा निखाऱ्याला खातो. सिनेमात ते ढगासारखं गर्जतं. पुस्तकात तसं नाहीच. पुस्तकात ते इतकं हळू बोलतं, की नावाडिणीला वाटतं, हे आपल्याच मनात आलं. हा पोरगा लहान असताना या प्रकरणाशिवाय झोपायचा नाही. मी मशीन थांबवून वाचायचो. खडखडाटात ते कासव ऐकू यायचं नाही ना. आणि यांनी त्याला गर्जायला लावलं! त्यापेक्षा कापलेलं बरं.”

मुलगा जागचा उठला. तो वडिलांच्या पायाशी जाऊन बसला, लहानपणी बसत असेल तसा.

भूगोलबाई मास्तरांकडे वळल्या. “हे तुम्ही आधी का नाही बोललात मास्तर?” त्यांनी विचारलं. थेट विचारलं.

“बोलू लागलो की तुम्ही नकाशा काढायच्या.”

“काढणारच. पाचवा डोह उत्तरेला आहे. पुढे सांगा.”

मास्तरांनी पुढे सांगितलं. बाईंनी मधेच एक ओहोळ दुरुस्त केला. मास्तरांनी तो मान्य केला आणि म्हाताऱ्या बगळ्याची गोष्ट जोडली, जी कुठल्याच आवृत्तीत नव्हती. लेकीने नावाडिणीचं गाणं म्हटलं. जावयाने धूरराजाचं खोकणं करून दाखवलं. सभा सिनेमातल्यापेक्षा कितीतरी लांबली आणि कुणीही विजार शिवायला उठलं नाही. ताईने भावोजींना घरी न्यायचं ठरवलं होतं, ती स्वतःच मांडी घालून बसली.

“मग त्या निखाऱ्याचं काय होतं?” मेव्हण्याने विचारलं.

सगळं थांबलं. न वाचलेला माणूस आपल्यात आहे, हे ते विसरले होते. बाई आणि मास्तर यांनी एकमेकांकडे पाहिलं.

“आधी पुस्तक!” दोघं एकाच वेळी म्हणाले.

पहिला खंड कपाटातून निघाला आणि मेव्हण्याच्या हातात पडला. चांगला वजनदार होता.

“पहिली काही पानं नुसती वंशावळ आहे,” मास्तर म्हणाले. “ती ओलांडलीस तरी...”

“ओलांडायची?” भूगोलबाई कडाडल्या. “एक ओळ सोडायची नाही! वंशावळ नाही वाचली तर धूरराजाची मावशी कोण ते कसं कळणार?”

“मावशी तिसऱ्या खंडात येते, तीही एकदाच!”

“येते ना? मग?”

लेक आणि जावई बॅगांवर बसून हे ऐकत होते, आणि दोघांचेही चेहरे आठवड्यात पहिल्यांदा निवांत होते. मेव्हणा हळूच बाहेर सटकला आणि जिन्यात उजेडाची पायरी बघून बसला. वर मावशीवरून चांगलीच जुंपली होती. त्याने चाळिशी नाकावर ठेवली आणि वंशावळीपासूनच सुरुवात केली.

बऱ्याच वेळाने भावोजी गाल धरून खाली आले. कापसाचा बोळा निघाला होता, त्यामुळे प्रकरणाचा उलगडा आपण नेमका कसा केला ते आता स्पष्ट शब्दांत सांगता येणार होतं. ते मेव्हण्याशेजारी बसले. त्यांनी भुवई चढवली.

“मुळात त्या कवडशाचं असं आहे...”

“थांबा हो भावोजी,” पानावरून नजर न काढता मेव्हणा म्हणाला. “धूर यायला लागलाय.”

भावोजी थांबले. मग शेजारून त्यांनी पानात डोकं घातलं. अक्षरं त्यांना अर्थातच दिसत नव्हती.

“मोठ्याने वाच,” ते म्हणाले.